प्रोबेशनमध्येच काढलं? निदान या चुका तरी करू नका

बावीस वर्षं मी पगारपत्रकं केली. आधी भोसरीतल्या एका कारखान्यात, नंतर खराडी-हिंजवडीच्या काचेच्या इमारतींमध्ये. रुजू होतानाचे चेहरे पाहिले, काढून टाकल्यावरचेही पाहिले. आणि 2009 च्या मंदीत एकदा टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीतही बसले, नव्या नोकरीच्या एकसष्टाव्या दिवशी.

नोकरी जाणं आपल्या हातात नसतं, कबूल. पण पुढच्या आठ दिवसांत लोक आपल्याच हातानं जे नुकसान करून घेतात, ते बघून आता वाईट वाटायचंही थांबलंय, नुसता राग येतो. भाचरांचे, त्यांच्या मित्रांचे फोन येतात. "मावशी, काढलं मला." मी आधी एकच विचारते, "कशावर सही केलीस?" तिकडे शांतता. म्हणजे केली.

खोलीतच सही करून मोकळं होणं

2018 मधला एक शुक्रवार. (हे बहुतेक शुक्रवारीच असतं. मधल्या वारी काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन भांडतो, अशी एचआरची समजूत आहे.) बार्शीकडचा मुलगा, लागून चार महिने झालेले, प्रोबेशन, म्हणजे कायम करायच्या आधीचा परीक्षेचा काळ, सहा महिन्यांचं. क्लायंटनं प्रोजेक्ट आवरतं घेतलं आणि शेवटी आलेला पहिला बाहेर, एवढंच कारण. मीटिंग रूममध्ये एचआर मॅनेजर, त्याचा टीम लीड, आणि हिशेबाचं काही विचारलंच तर सांगायला मी. टेबलावर पाण्याचा ग्लास आणि टिश्यू पेपरचा खोका आधीच आणून ठेवलेला. साडेपाचला कॅब सुटायची आणि पोराचं निम्मं लक्ष घड्याळाकडे. त्याला फक्त तिथून निघायचं होतं.

मॅनेजर अगदी मायेनं म्हणाली, "तूच पेपर टाक ना, रेकॉर्ड क्लीन राहील." समोर टाइप केलेला राजीनामा. वैयक्तिक कारणास्तव, आजपासून लागू. त्यानं वाचलासुद्धा नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, पेन आहे?" मी दिलं.

सोमवारी त्याचं फुल अँड फायनल, म्हणजे सोडतानाचा शेवटचा हिशेब, माझ्याच टेबलावर आलं. पगार महिना 42,000. त्या महिन्याचे 19 दिवस भरलेले, म्हणजे 26,600 येणं. प्रोबेशनमधली नोटीस 15 दिवसांची. कंपनीनं काढलं असतं तर त्याचे 21,000 कंपनीनं द्यायचे. पण त्यानं आजपासूनचा राजीनामा दिलेला, त्यामुळे तेच 21,000 त्याच्याकडून वसूल. शिवाय लागताना मिळालेला 50,000 चा जॉइनिंग बोनस. वर्षाच्या आत राजीनामा दिल्यास परत, असं ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर छापलेलं. कंपनीनं काढल्यास परत, असं कुठेच नव्हतं. बेरीज-वजाबाकी करून आकडा आला उणे 44,400. सही केली नसती तर पीएफ-टॅक्स कापायच्या आधी 47,600 येणं होतं. फरक 92,000 चा, आणि पेन माझं.

मी वर जाऊन बोलले. नोटीसची वसुली माफ झाली, बोनसची नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला सांगते: "कागद मेलवर पाठवा, मी वाचून सोमवारी कळवते." ते म्हणतील आत्ताच हवंय, सिस्टीम बंद होते, साहेब निघालेत. म्हणू देत. सही नाही केली तर काय, नोकरी जाईल? ती गेलेलीच आहे, म्हणून तर त्या खोलीत बोलावलंय. फारच मागे लागले तर कागदाच्या तळाशी 'प्रत मिळाली' एवढे दोनच शब्द, तारीख, वेळ आणि सही. त्यापुढे एक अक्षर नाही. आणि घरी येऊन ऑफर लेटर काढा, त्यात तीन गोष्टी बघा: नोटीस किती दिवसांची, बोनसची अट काय शब्दांत आहे, आणि ट्रेनिंगचा बॉन्ड, म्हणजे लवकर सोडलं तर पैसे भरायची अट, आहे का.

राजीनामा कधीच देऊ नका, असंही माझं म्हणणं नाही. ते व्हॉट्सॲपवरच्या पंडितांचं आहे. प्रोबेशनमध्ये राजीनामा पुष्कळदा दोघांच्याही सोयीचा असतो. पण मग तो सौदा आहे हे ओळखा. त्यांना तुमचा राजीनामा हवाय, तर तुम्हाला नोटीसचे पैसे, बोनसची माफी आणि तारखेसकट रिलीव्हिंग लेटर (कंपनीनं मोकळं केल्याचं पत्र) हवंय. हे सगळं मेलवर कबूल करून घ्या आणि मग टाका पेपर. तोंडी आश्वासनाला पगारपत्रकात रकाना नसतो.

छोट्या चुका

रात्री अकरा वाजता डायरेक्टरला पाठवलेला मेल. लिहा, ड्राफ्टमध्ये ठेवा, सकाळी चहा पिऊन काढून टाका.

लिंक्डइनवरचा लांबलचक निबंध. महिनाभर थांबा. पुढचा एचआरही तोच वाचतो.

"एवढा पगार बुडतोय तर क्लायंटचा डेटा तरी घेतो." ही चूक नाही, हा मूर्खपणा आहे, आत्तापर्यंत तुमच्यावर केस नव्हती, आता होऊ शकते. आपले कागद मात्र आपले. लॉगिन अर्ध्या तासात बंद होतं आणि पगाराच्या स्लिपा आतच राहतात. माझी जुनी सवय आहे, स्लिप आली की त्याच दिवशी घरच्या मेलवर. नोकरी छान चाललेली असतानासुद्धा.

पहिल्याच दिवशी वकिलाची नोटीस. अहो, नव्या नोकरीत कायदा तुम्हाला काय देतो ते आधी बघा. नोकरकपातीची नुकसानभरपाई मागायला 240 दिवसांची सलग सेवा लागते, आणि तुमचे भरलेत साठ-सत्तर. पण काही बाबतीत गप्प बसूही नका. पत्रात गैरवर्तणूक असा शब्द घातलाय आणि चौकशी तर झालीच नाही, तर वकील गाठा. गरोदर आहात आणि 80 दिवस काम भरलंय, तर काढल्यामुळे प्रसूतीलाभाचा हक्क बुडत नाही. लैंगिक छळाची तक्रार करायची राहिली असेल, तर घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे आणि नोकरी गेल्यावरही ती करता येते. आणि तुमचा राहिलेला पगार! कंपन्या बिनदिक्कत 45 दिवस सांगतात. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे आणि तिच्यात काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं म्हटलंय. भांडू नका, फक्त मेलमध्ये कलम 17 चा उल्लेख करून तारीख विचारा. त्या एका ओळीनं फाइल ढिगाऱ्याच्या वर येते. मीही आणत असे.

कंपनीचा मेडिक्लेम चालू आहे असं धरून चालणं. तो शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. नवी पॉलिसी घेतली तरी अपघात सोडून पहिले 30 दिवस काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं. घरात डायबेटिसवालं कोणी असेल तर त्याच आठवड्यात त्याच विमा कंपनीला विचारा, ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत येता येतं का.

घरी न सांगणं

आता माझी स्वतःची चूक. लोकांना शहाणपण शिकवते, पण मी 2009 मध्ये नऊ दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

रोज आठ वाजता डबा भरून बाहेर पडायचं, सिंहगड रोडवरून बस. जायचं कुठे? पहिल्या दिवशी बागेत गेले. पुण्यातल्या बागा भर दुपारी बंद करतात, हे इतकी वर्षं पुण्यात राहून मला त्या दिवशी कळलं. वॉचमननं शिट्टी मारून बाहेर काढलं. अठ्ठेचाळीस तासांत दुसऱ्यांदा! मग पुणे स्टेशन. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, ते संपलं की दुसरं. एक नंबरवर बाकावर बसायचं, पेपरातल्या जाहिरातींवर खुणा करायच्या, साडेबाराला डबा खायचा. आणि वेळ जाता जात नाही म्हणून नळावर डबा घासायचा. दोन्ही ताटल्या, झाकण, वरची कडी, सगळं लख्ख.

त्यातच सापडले. नोकरीत असताना माझा डबा संध्याकाळी भाजीचा रस्सा वाळलेला असा घरी यायचा. नवव्या दिवशी सासूबाई तो हातात घेऊन म्हणाल्या, "काय गं, नवीन हाफिसात डबे घासायला लावतात का?"

सांगितलं मग. त्या मेथी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. म्हणाल्या, "मग उद्या दळण आणशील." एवढंच. मी नऊ दिवस घाबरले होते ती हीच गोष्ट.

लाज किती महाग पडते ते सांगते. त्या नऊ दिवसांत नवऱ्यानं फ्रिजचे हप्ते बांधून घेतले होते. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आणि सांगितल्यावर पाचव्या दिवशी सासूबाईंच्या भिशीतून खबर आली, एका काकूंच्या जावयाच्या कंपनीत पगारपत्रकाला बाई हवी होती. पुढची साडेचार वर्षं मी तिथेच होते. स्टेशनवर पेपरात खुणा करून एक फोन आला नव्हता.

म्हणून आता मी सांगते, त्याच दिवशी सांगा, जेवायच्या आधी, आणि भावनेच्या आधी आकडा सांगा. "नोकरी गेली. बँकेत एवढे आहेत. हप्ते धरून तीन महिने निघतील." आकडा ऐकला की माणसं रडायच्या ऐवजी हिशेब करायला लागतात. मी कालनिर्णयवर मांडते. दुधाचा खाडा मांडतो तसा, त्या-त्या तारखेच्या चौकोनात: हप्ता, शाळेची फी, भाडं, विमा. एखादा हप्ता चुकणार असं दिसलं तर बँकेत आधी जायचं, चेक परत आल्यावर नाही. भाड्यानं राहत असाल तर करारातला लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, वाचा. घरमालकाला गोड बोलून लॉक-इन जात नाही.

मुलांना सांगू नये म्हणतात. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना कळतंच हो. त्यांना आपण सांगितलं नाही, एवढंच जास्तीचं कळतं.

ती नोकरी झालीच नाही असं दाखवणं

2009 मध्ये मी हेही केलं आणि पचलं. तेव्हा प्रत्येक कंपनीत पीएफचा नंबर वेगळा असायचा, दोन महिन्यांची नोकरी गिळून टाकली तर विचारणारं कोणी नव्हतं. 2014 मध्ये यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून पीएफचा एकच नंबर, आला आणि तो खेळ संपला. आता नंबर एकच, आणि तुम्ही कुठे कधीपासून कधीपर्यंत होतात ते ओळीनं दिसतं. नवी कंपनी पडताळणी करते तेव्हा तीच ओळ बघते. दोन महिन्यांत काढलं म्हणून ऑफर मागे घेतलेली मी क्वचित पाहिली. लपवलं म्हणून घेतलेली पुष्कळ.

इंटरव्ह्यूत दोन वाक्यं पुरतात. "चौथ्या महिन्यात प्रोजेक्ट बंद झाला, प्रोबेशनमधल्यांना कमी केलं." किंवा कामच जमलं नसेल तर, "त्यांना हवं होतं ते काम मला अजून येत नव्हतं, आता शिकतेय." आणि मग गप्प बसायचं. समोरचा गप्प राहिला की नवी पोरं घाबरून बोलतच सुटतात. जुना बॉस, त्याचा स्वभाव, त्याची बायको. तिसऱ्या वाक्याला नोकरी गेलेली असते.

पीएफचं निघालंय म्हणून. काढून घेण्याची घाई करू नका. पाच वर्षांच्या सलग सेवेच्या आत काढलेल्या रकमेवर टॅक्स लागतो. ट्रान्स्फर केली तर आधीची वर्षं जोडली जातात. आणि जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख भरली नाही म्हणून ट्रान्स्फर अडकली, तर त्यांच्या पाया पडायची गरज नाही. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख पोर्टलवर तुम्हीच भरू शकता. हे मी इतक्यांदा सांगितलंय की फोनमध्ये मेसेज टाइप करून ठेवलाय.

आणखी एक. एकाच आर्थिक वर्षात दोन कंपन्या झाल्या तर पहिल्या पगाराचा आकडा नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोघीही तुम्हाला सगळ्या सवलती वेगवेगळ्या देतात, महिनाभर बरं वाटतं आणि रिटर्न भरताना टॅक्स अंगावर येतो. जुन्या कंपनीकडून पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला (ज्याला आपण फॉर्म 16 म्हणत आलो) मागून घ्यायचा, तो आपणहून येत नाही.

लॅपटॉप परत करताना पावती घ्या, तीवर सिरीयल नंबर असू दे. आणि चार्जर विसरू नका. चार्जर घरी राहिला म्हणून फुल अँड फायनलमधून कापलेले पैसे मी स्वतः नोंदवलेत, आणि तेव्हा कुणीही फोन करून विचारलं नव्हतं की चार्जर घेऊन येता का.