'जन्माचाच पापी' वाचताना: पापाविषयीची अवघड वचने समजून घेण्याची रीत

कोल्हापुरात कुणाच्या घरी प्रार्थना असते, बायबलातल्या रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय निघतो आणि 'नीतिमान कोणी नाही, एकही नाही' हे वाचले जाते. बहुतेक वेळा माना डोलतात, चहा येतो, विषय संपतो. क्वचित एखादी कॉलेजातली पोरगी विचारते, "मग आमची आजी कोण होती?" प्रश्न रास्त आहे. 'देवाचे वचन आहे, प्रश्न विचारू नये' म्हणून तो दाबू नये. 'तसं काही नसतं गं' म्हणून उडवूनही लावू नये. अशी वचने वाचायची एक रीत आहे आणि ती हाताला बसायला चार-पाच बैठका लागतात.

सामान थोडेच लागते. दोन भाषांतरे हवीत: एक बायबल सोसायटीचे आणि दुसरे शक्यतो पंडिता रमाबाईंचे, कारण ते मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत उतरवलेले आहे. जिथे दोन्हींचे शब्द वेगळे पडतात, तिथे मूळ शब्द अवघड आहे असे खुशाल समजा. जोडीला एक वही आणि दोन रंगांची पेने. एका बैठकीला एकच उतारा, तास-दीड तास. एका संध्याकाळी तीन उतारे घेतले की तिन्ही कच्चे राहतात.

आधी उतरवून काढा

वचन एकटे लिहायचे नाही. मागच्या आठ-दहा ओव्या आणि पुढच्या आठ-दहा ओव्या हाताने वहीत उतरवायच्या. मोबाइलवर नुसते सरकवत गेल्याने हे काम होत नाही. बहुतेकांना ही वचने भिंतीवरच्या कॅलेंडरवरून पाठ झालेली असतात आणि कॅलेंडरवर मागचे-पुढचे छापत नाहीत.

यिर्मया १७:९ घ्या. हृदय सर्वांत कपटी, असाध्य रोगाने ग्रस्त. एकटे वाचले तर माणसाने स्वतःवर कधीच विश्वास ठेवू नये असे वाटते. पाचव्या ओवीपासून उतरवायला लागा. आधी माणसाच्या बळावर भिस्त ठेवणारा वाळवंटातल्या झुडपासारखा, मग परमेश्वरावर भिस्त ठेवणारा पाण्याकाठच्या झाडासारखा, त्यानंतर हे हृदयाचे वचन. लगेच दहावी ओवी सांगते की ते हृदय परमेश्वर पारखतो. चौदाव्या ओवीत संदेष्टा स्वतःच म्हणतो, मला बरे कर म्हणजे मी बरा होईन. ज्याला असाध्य म्हटले, त्याच्यावरच पाच ओव्या पुढे इलाज मागितला आहे. पेन चालले की हे आपोआप दिसते.

बोलतोय कोण?

उतारा लिहून झाला की समासात तीन गोष्टी टिपा: कोण बोलतो, कुणाला बोलतो, आणि बोलून झाल्यावर काय होते. ईयोबाच्या पुस्तकात हे विसरले की घोळ झालाच म्हणून समजा. 'स्त्रीपासून जन्मलेला नीतिमान कसा ठरेल?' हे १५:१४ मध्ये ईयोबाचा मित्र अलीफज म्हणतो आणि २५:४ मध्ये दुसरा मित्र बिल्दद जवळपास तेच म्हणतो. दोघेही राखेत बसलेल्या माणसाला सुनावत आहेत. ४२:७ मध्ये देव म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत. म्हणजे अलीफजाचा शब्दन् शब्द टाकाऊ, असे नाही. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलानेच त्याचे एक वाक्य १ करिंथकरांस ३:१९ मध्ये घेतले आहे. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून ईयोब १५ वाचणे म्हणजे अलीफजाच्याच जागी जाऊन बसणे.

रोम ३:१०–१८: माळ उसवून बघा

या उताऱ्याला पूर्ण एक बैठक द्या, सगळ्यात जास्त मिळते ते इथेच. पौलाने ही वाक्ये स्वतः रचलेली नाहीत, जुन्या करारातून वेचून ओवली आहेत. वहीचे पान मधोमध दुमडा. डावीकडे रोमकरांसची ओवी, उजवीकडे ती जिथून आली ते ठिकाण. १० ते १२ समोर स्तोत्र १४. १३ समोर स्तोत्र ५:९ आणि १४०:३. १४ समोर स्तोत्र १०:७. १५ ते १७ समोर यशया ५९:७–८. १८ समोर स्तोत्र ३६:१. आता उजवीकडचे प्रत्येक ठिकाण उघडून मूळ जागी वाचा.

दोन गोष्टी दिसतील. पहिली: स्तोत्र १४ मध्ये 'सत्कर्म करणारा कोणी नाही' म्हटल्यावर दोनच ओव्यांनी, पाचव्या ओवीत, देव नीतिमानांच्या पिढीबरोबर आहे असे येते. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. त्या स्तोत्रात नीतिमान माणसे आहेत आणि त्यांना भाकरीसारखे खाऊन टाकले जात आहे. 'कोणी नाही' ही खानेसुमारी नव्हे, तो आक्रोश आहे. पावसाळ्यात गटार तुंबल्यावर 'या गावात कुणाला कशाची पडलेली नाही' म्हणतो ना आपण, तशा जातीचे वाक्य.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ५, १०, ३६, १४० ही स्तोत्रे गाणारा दुसऱ्यांविषयी बोलतो आहे. उघड्या थडग्यासारखा गळा शत्रूचा, सापाचे विष शत्रूच्या ओठांखाली. देवळात ही स्तोत्रे गाणाऱ्या प्रत्येकाला 'ते लोक' कोण हे पक्के ठाऊक होते. पौल तीच वाक्ये उचलतो, गळा, जीभ, ओठ, तोंड, पाय, डोळे अशी एकामागून एक लावतो आणि १९व्या ओवीत सांगतो: नियमशास्त्र जे बोलते ते नियमशास्त्राखाली असलेल्यांना बोलते. म्हणजे आपल्यालाच. दुसऱ्याकडे रोखलेले बोट त्याने वळवून स्वतःच्या मंडळीच्या छातीला लावले. म्हणून हा उतारा शेजारच्या गल्लीतल्या, दुसऱ्या धर्माच्या नाहीतर मंडळी सोडून गेलेल्या माणसाविषयी वापरला की पौलाने केलेले सगळे काम उलटे फिरते. वहीत पडताळा घ्या. 'ते' आहे तिथे दुसऱ्या रंगाने 'मी' लिहा आणि मोठ्याने वाचा. वाचताना आवाज बसला तर वाचन बरोबर चालले आहे.

आणखी एक खबरदारी. २३व्या ओवीवर, म्हणजे 'सर्वांनी पाप केले आहे' वर, थांबू नका. ग्रीकमध्ये २३ आणि २४ मिळून एकच वाक्य आहे आणि ते विनामूल्य नीतिमान ठरवले जाण्यावर संपते. २३ वर पुस्तक मिटले तर वाक्य अर्ध्यात तुटते.

स्तोत्र ५१:५ आणि 'जन्म' हा शब्द

मराठीत 'जन्माचाच पापी' हे शब्द कानावर पडतात तेव्हा एकटे येत नाहीत. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना जन्मावरून विटाळ ठरवून पाणवठ्यावरून हाकलले, अशी कितीतरी घरे आपल्या मंडळ्यांत आहेत. १९०२ साली शाहू महाराजांना निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढावा लागला तो याच जन्माच्या हिशेबापायी. त्या घरात हे स्तोत्र जपून उघडावे लागते. शिकवणारा नेमका इथेच चुकतो. तो घाईने पाचव्या ओवीवर, 'मी जन्माचाच पापी आहे' वर, येतो आणि ऐकणाऱ्याला जुनाच शिक्का नव्याने बसल्यासारखा वाटतो.

म्हणून आधी मथळा वाचा. बोलणारा दावीद राजा आहे. बथशेबेला आणवून घेऊन, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवून, नाथान संदेष्ट्याने तोंडावर आरोप केल्यावर तो हे बोलतो (२ शमुवेल ११–१२ आधी वाचून या). गावातला सर्वांत वरचा माणूस म्हणतो आहे, मी मुळापासून असा आहे. विटाळाचा हिशेब वरच्याने खालच्याला लावायचा असतो; इथे वरचा तो स्वतःला लावतो आणि पौल पुढे 'भेद नाही' म्हणून सगळ्यांना एका ओळीत बसवतो. आईच्या गर्भाचा उल्लेख आला म्हणून आईवर किंवा गर्भधारणेवर दोष येत नाही, वाक्य 'मी'विषयी आहे. हे कवन आहे, वैद्यकशास्त्र नव्हे. स्तोत्र ५८:३ मध्ये दुष्ट लोक जन्मल्यापासून खोटे बोलतात असे आहे, पण तान्हे मूल बोलतच नाही हे कवीला ठाऊक होतेच की.

मग दहाव्या ओवीकडे या. शुद्ध हृदय 'उत्पन्न कर', यासाठी हिब्रूत जे क्रियापद आहे तेच उत्पत्ती १:१ मध्ये आहे. दावीद डागडुजी मागत नाही, नवी निर्मिती मागतो.

'पाप' एक, मागचे शब्द तीन

मराठी 'पाप' म्हटले की पाप-पुण्याची खातेवही डोळ्यांपुढे येते. हिब्रूत याच स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत तीन वेगळे शब्द आहेत. 'पेशा' म्हणजे बंड. १ राजे १२:१९ मध्ये इस्राएलाने दाविदाच्या घराण्याविरुद्ध केले ते. 'आवोन' म्हणजे वाकडेपणा, आणि त्यातून येणारा दोषही. तिसऱ्या शब्दाचे क्रियापद आहे 'खाता', म्हणजे चुकणे. शास्ते २०:१६ मध्ये सातशे डावखुरे गोफणवाले केसावर नेम धरून दगड मारतात आणि चुकत नाहीत. ते 'चुकणे' हेच. शाळूच्या रानात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवलेल्या माणसाला हे लगेच कळते: दगड सुटतो जोरात, पण जातो भलतीकडे. पाप म्हणजे फक्त केलेली घाण नव्हे, चुकलेला नेमही आहे.

'देह' या शब्दाचेही तसेच. गलतीकरांस ५:१९–२१ मधली देहाची कर्मे मोजा. ग्रीकच्या जुन्या प्रतींत पंधरा भरतात, त्यांतली आठ वैर, कलह, मत्सर, राग, तट पाडणे अशी. शरीर वाईट असा अर्थ असता तर पौलाने मंडळीतल्या गटबाजीला देहाचे काम म्हटले नसते.

प्रेस्बिटेरियन परंपरेत 'संपूर्ण भ्रष्टता' हा शब्द येतो. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांच्या कामातून पुढे ती परंपरा इथे रुजली. या शब्दाचा अर्थ माणूस शक्य तितका वाईट आहे असा नाही. गुऱ्हाळात काहिलीत रस तळाला लागला तर करपट वास प्रत्येक ढेपेत उतरतो. गोडी असतेच, पण वास नाही अशी ढेप सापडत नाही. सिद्धांत एवढेच म्हणतो: बुद्धी, भावना, इच्छा, यांतला एकही कोपरा सुटलेला नाही.

महापूर आला की

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ वर धोका, आणि त्याच्यावर गेले की नोहाची गोष्ट निघतेच. २०१९ आणि २०२१ ला कुणाच्या पापाने पाणी आले याचीही चर्चा झाली. तेव्हा उत्पत्ती ६:५ आणि ८:२१ शेजारी शेजारी लिहा. पहिल्यात माणसाच्या मनातल्या कल्पना एकसारख्या वाईट, म्हणून जलप्रलय. दुसऱ्यात माणसाच्या मनातल्या कल्पना बाळपणापासून वाईट, आणि तरीही यापुढे सर्व जिवांचा असा संहार नाही. कारण तेच, निकाल उलटा. पुराने माणूस सुधारला नाही, बदलले ते देवाचे वागणे. त्यानंतर लूक १३:४ वाचा: शिलोहाचा बुरूज पडून अठरा मेले, ते यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक दोषी होते काय? येशू 'नाही' म्हणतो. चिखल काढणाऱ्या घरात ६:५ एकटे वाचू नका.

पिढ्यांचा शाप

निर्गम २०:५ वर बोट ठेवून 'तुमच्या घराण्यावर शाप आहे' म्हणणारे भेटतात, आणि पितृदोष ऐकत वाढलेल्या कानाला ते चटकन पटते. ओवी पुरी वाचा: तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, जे माझा द्वेष करतात त्यांच्या. पुढची ओवी दया हजारांवर नेते. त्यावर यहेज्केल १८ सबंध वाचा, बत्तीस ओव्या आहेत. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि पोरांचे दात आंबले ही म्हणच तिथे बंद केली आहे. बापाची दारू पोराचे घर पोखरते हे खरे. बापाचा दोष पोराच्या नावावर चढत नाही. शाप तोडायचे पैसे कुणी मागत असेल तर हा अध्याय त्याच्यासमोर मोठ्याने वाचावा.

घाबरलेल्या माणसाला

'माझ्याकडून क्षमा न होणारे पाप झाले' म्हणणारा माणूस आला तर मार्क ३:२८–३० एकत्र वाचा. तिसावी ओवी गाळू नका, कारण तिच्यात कारण दिले आहे: त्याला, म्हणजे येशूला, अशुद्ध आत्मा लागला आहे असे शास्त्री म्हणत होते. बरे होताना डोळ्यांनी बघून ते सैतानाचे काम म्हणणे, असा तो प्रसंग आहे. रात्री झोप उडवणारा एखादा घाणेरडा विचार म्हणजे ते नव्हे. सारखे हात धुणे, एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करणे, असे आठवडेच्या आठवडे चालले असेल तर पाळकाबरोबर मनोविकारतज्ज्ञाकडेही न्या. अशा माणसाला इब्री ६:४–६ घरी एकट्याने वाचायला देऊ नका.

गटात हे करायचे असेल तर क्रम असा ठेवा: पहिल्या संध्याकाळी स्तोत्र ५१, दुसऱ्या संध्याकाळी रोम ३ ची माळ, तिसऱ्या संध्याकाळी उत्पत्ती ६ ते ८, चौथ्या संध्याकाळी रोम ५:१२–२१. शेवटच्यात आदामावरून वाद होणारच. बाराव्या ओवीत धर्मपंडित ऑगस्टीनाने लॅटिन वाचून 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले' असे धरले, पूर्वेकडच्या मंडळ्यांनी तसे धरले नाही. आपल्या मराठीत 'सर्वांनी पाप केल्यामुळे' आहे. त्यावर दहा मिनिटांहून जास्त घालवू नका. उरलेल्या वेळात पाचव्या अध्यायात 'कितीतरी अधिक' असे कुठे कुठे म्हटले आहे ते मुलांना शोधायला लावा. चार जागा आहेत: ९, १०, १५, १७.