एक्स्चेंज सर्व्हरच्या डेटाबेसमधील बिघाड कसा ओळखावा आणि कसा टाळावा

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरवरील मेलबॉक्स ज्या ईडीबी फाइलमध्ये साठवलेले असतात, ती सहसा एकाएकी बिघडत नाही. एखादे पान (डेटाबेस ज्या छोट्या ठोकळ्यांत विभागलेला असतो, त्यांतील एक) डिस्कवर चुकीचे लिहिले जाते, ते वाचण्याची वेळ येईपर्यंत सारे सुरळीत चालते आणि दरम्यान तपासणीविना घेतलेल्या बॅकअपमध्येही तेच खराब पान जाऊन बसते. त्यामुळे बिघाड लवकर लक्षात येणे हीच निम्मी दुरुस्ती आहे.

सुरुवात इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन लॉगपासून करावी आणि त्यात ईएसई (एक्स्चेंजचे डेटाबेस इंजिन) या स्रोताच्या नोंदी रोज पाहाव्यात. नोंद क्रमांक ४७४ आणि त्यासोबतची त्रुटी -१०१८ यांचा अर्थ असा, की पान लिहिताना नोंदवलेला चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वाचताना जुळला नाही. हा दोष बहुधा डिस्क, कंट्रोलर, ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा असतो. -१०२२ ही त्रुटी आली, तर डिस्कवरील वाचन किंवा लेखनच अयशस्वी झाले आहे असे समजावे. अशी एक जरी नोंद दिसली तरी हार्डवेअरची तपासणी त्याच दिवशी सुरू करावी, कारण सदोष डिस्कवर डेटाबेस दुरुस्त करण्यात काहीच अर्थ नसतो.

डेटाबेस माउंट होत नसेल, म्हणजे वापरासाठी जोडला जात नसेल, तर कोणतीही आज्ञा देण्याआधी ईडीबी फाइल आणि सर्व लॉग फाइल्स (डेटाबेसमधील प्रत्येक बदल आधी ज्यांत नोंदला जातो त्या) यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि पुढे परतीचा मार्ग उरत नाही.

त्यानंतर एक्स्चेंजसोबत येणाऱ्या ईएसईयूटिल या साधनाची ‘ईएसईयूटिल /एमएच’ ही आज्ञा चालवून फाइलची स्थिती पाहावी. तेथे ‘डर्टी शटडाउन’ असे दिसले की अनेकजण धास्तावतात. परंतु हा बिघाडाचा पुरावा नव्हे. लॉगमध्ये नोंदलेले काही बदल अजून मुख्य फाइलमध्ये उतरलेले नाहीत, एवढेच त्यातून कळते. त्याच माहितीतील ‘लॉग रिक्वायर्ड’ या ओळीत कोणते लॉग लागणार आहेत, ते दिलेले असते. ते सर्व जागेवर व शाबूत आहेत का, हे ‘/एमएल’ने तपासावे आणि असल्यास ‘/आर’ने सॉफ्ट रिकव्हरी (लॉगमधील बदल मुख्य फाइलमध्ये उतरवणे) करावी, ती यशस्वी झाल्यास माहिती न गमावता स्थिती ‘क्लीन शटडाउन’ होते. पानांचे चेकसम तपासण्यासाठी ‘/के’ आहे. मोठ्या फाइलवर या तपासणीला बराच वेळ लागतो, तो आधीच धरून ठेवावा.

‘/पी’ ही आज्ञा मात्र अगदी शेवटी, चांगला बॅकअप किंवा दुसरी निरोगी प्रत नाही याची खात्री झाल्यावरच वापरावी. तिला दुरुस्ती म्हटले जात असले, तरी जी पाने वाचता येत नाहीत ती ही आज्ञा काढून टाकते आणि त्यांच्यातील मेल कायमचे जातात. त्यानंतर डेटाबेस माउंट झाला, तरी त्यावर काम चालू ठेवू नये. सर्व मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवून जुना निवृत्त करावा. फक्त एखाद्या मेलबॉक्समध्ये फोल्डरची संख्या चुकीची दिसणे किंवा सर्च फोल्डर नीट न चालणे, असा तार्किक बिघाड असेल, तर एक्स्चेंजची ‘न्यू-मेलबॉक्सरिपेअररिक्वेस्ट’ ही आज्ञा पुरते आणि त्यासाठी डेटाबेस बंद करावा लागत नाही.

प्रतिबंधासाठी सर्वप्रथम अँटीव्हायरसच्या सेटिंगकडे पाहावे. फाइल तपासणीतून डेटाबेस, लॉग आणि चेकपॉइंट फाइल्स (कुठपर्यंतचे लॉग डेटाबेसमध्ये उतरले ते नोंदवणाऱ्या) वगळलेल्या नसतील, तर एखादी लॉग फाइल मेलमधील विषाणूच्या संशयाने क्वारंटाइनमध्ये जाते आणि लॉगची साखळी तुटते. लॉगच्या ड्राइव्हवर पुरेशी मोकळी जागा राखावी, कारण ती संपली की डेटाबेस डिसमाउंट होतो; जागा कमी होऊ लागताच लॉग हाताने पुसण्याऐवजी पूर्ण बॅकअप घ्यावा, म्हणजे नको असलेले लॉग सर्व्हर स्वतःच काढतो. सर्व्हरला यूपीएस असावा आणि कंट्रोलरचा राइट कॅश (डिस्कवर लिहिण्याआधी डेटा तात्पुरता ठेवणारी मेमरी) बॅटरीच्या संरक्षणाशिवाय चालू ठेवू नये.

शक्य असल्यास डेटाबेस अव्हेलेबिलिटी ग्रुप, म्हणजे एकाच डेटाबेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांचा गट, उभारावा. एक्स्चेंज २०१० पासून त्यातील खराब पान दुसऱ्या प्रतीवरून आपोआप दुरुस्त होऊ शकते. तरीही चुकून पुसलेले मेल सर्व प्रतींमधून पुसले जातात, म्हणून बॅकअपची गरज संपत नाही. तो बॅकअप ठरावीक काळाने रिकव्हरी डेटाबेसमध्ये (बॅकअप तपासण्यासाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये) उतरवून, त्यातील एखादा मेलबॉक्स प्रत्यक्ष उघडून पाहावा.