जुन्या कार्बवाल्या बुलेटला फ्युएल इंजेक्शन बसवायचं असेल तर

चोर्ला घाटातनं गोव्याला खाली-वर करणाऱ्यांनी हे अनुभवलं असणार, इथं बेळगावात साधारण साडेसातशे मीटर उंचीवर सेट केलेला कार्बोरेटर खाली समुद्राजवळ उतरला की जरा लीन चालतो, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, कारण जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेच पण हवा दाट. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, म्हणजे ज्या मिश्रणाला पूर्वी एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा पुरायची तिथं आता १३.५ च्या आसपासच लागतेय, म्हणजे जुन्या जेटवर गाडी आणखी लीन. एअरकूल्ड इंजिनला हे सोसत नाही, हेड तापतंय. मी इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी मोजून पेट्रोल फवारायच्या, नादाला लागलो ते यासाठी, मायलेज वाढेल म्हणून नाही. नीट जेटिंग केलेला कार्बोरेटर मायलेजला काय वाईट नसतो, त्या आशेनं करणार असाल तर पैसे वाचवा.

माझी गाडी ३५० ची, ३४६ सीसी, कार्बवाली. खाली लिहिलंय ते तिच्यावरनं, पण बाकी सिंगल सिलिंडर गाड्यांना पण बहुतेक तेच लागू पडतंय.

सगळे पहिल्यांदा ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, कुठला घ्यायचा हेच विचारतात. ते शेवटी बघायचं. आधी गाडीचा करंट, मग टाकी आणि पंप, मग सेन्सर, ट्यूनिंग सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की गाडी महिना महिना गॅरेजमध्ये पडून राहते आणि बिचाऱ्या ईसीयूला शिव्या बसतात.

करंटचं सांगतो. कार्बवाल्या गाडीला पेट्रोल टाकीतनं आपोआप खाली येतंय, बॅटरी मेली तरी किक मारून घरी येता येतंय. इंजेक्शनला पंप सतत फिरायला पाहिजे, वर इंजेक्टर, ईसीयू आणि वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असला तर त्याचा हीटर, म्हणजे चार-पाच अँपिअर नवा लोड धरून चाला. मल्टिमीटर बॅटरीला लावा, हेडलाइट चालू ठेवा, ब्रेक दाबून धरा आणि रेस थोडी वाढवून बघा, १३.५ च्या वर व्होल्टेज टिकत नसेल तर तिथंच थांबा. पुष्कळ जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइट सरळ कॉइलच्या एसीवर चालतो आणि बॅटरीला अर्धाच करंट मिळतो, तिथं कॉइल प्लेट फ्लोटिंग करून (म्हणजे तिची अर्थ तोडून) सगळा करंट बॅटरीला देणारा फुल वेव्ह रेग्युलेटर बसवावा लागतोय, त्याशिवाय पुढं जाऊच नका. आणि व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, गाडी लीन होते, आणि माणूस मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोलच्या टेबलात, चूक शोधत बसतो.

आता टाकी. इथं मी सगळ्यात जास्त काळजी घ्यायला सांगेन. दोन रस्ते आहेत, टाकीच्या तळाला भोक पाडून इन-टँक पंपाची फ्लँज (पंप आवळायची कडी) वेल्ड करायची किंवा पंप बाहेर लावायचा. वेल्डिंग करायचं असेल तर टाकी नुसती रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. टाकी साबणाच्या गरम पाण्यानं दोन-तीनदा धुवायची, उघडी ठेवून वाळवायची, आणि टाक्यांचंच काम करणाऱ्या वेल्डरकडंच द्यायची, तो पाणी भरून थोडीशीच जागा मोकळी ठेवतो. गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडं अजिबात नको. बाहेरचा पंप स्वस्त पडतो पण तो ढकलतो चांगला, ओढत नाही, म्हणून टाकीच्या तळापेक्षा खालीच बसला पाहिजे. मी पहिल्यांदा जागा सोयीची म्हणून टाकीखाली, हेडच्या मागं लावला होता. घाट चढताना हेडच्या उष्णतेनं पंपाच्या आधीच्या पाइपात पेट्रोलची वाफ झाली, पंप नुसताच फिरायला लागला आणि कणकुंबीच्या अलीकडं गाडी बंद. अर्धा तास थंड झाल्यावर चालू झाली. नंतर पंप साइड पॅनलच्या मागं खाली नेला, तेव्हापासून त्रास नाही.

पंपाच्या आधी एक गाळणी, पंपानंतर एक बारीक फिल्टर, मग ३ बारचा प्रेशर रेग्युलेटर आणि उरलेलं पेट्रोल परत टाकीत न्यायला रिटर्न पाइप. पेट्रोल कॉकला जोडतो तो साधा पाइप ३ बारला फुटतो, फुटला की पेट्रोल सरळ सायलेन्सरच्या तापलेल्या बेंड पाइपवर. इंजेक्शनसाठीचाच होज घ्यायचा, त्यावर जे३०आर९ छापलेलं असतंय, आणि क्लॅम्प पण गोल आवळणारे, पट्टीला खाचा असलेले नकोत, ते होज कापतात. जोडून झालं की इंजिन चालू न करता नुसता पंप फिरवा, खाली कोरडा पेपर अंथरा आणि दहा मिनिटं बघा. प्रेशर गेज लावलेलं असू दे आणि अग्निशामक जवळ ठेवा, हे मी मनापासून सांगतोय.

थ्रॉटल बॉडी (कार्बच्या जागी बसणारी हवेची झडप) आणि सेन्सर आता पूर्वीसारखे दुर्मिळ नाहीत, एप्रिल २०२० ला बीएस६ प्रदूषण नियम आल्यापासून जवळजवळ सगळ्याच गाड्या इंजेक्शनवर गेल्या, त्यामुळं अपघातात मोडलेल्या गाड्यांचे पार्ट मिळतात. तुमच्याच इंजिनाचं इंजेक्शनवालं भावंड कंपनीनं काढलं असेल तर त्याचंच सामान शोधा. माझ्या ३५० चं इंजेक्शन व्हर्जन २०२० ला आलं. थ्रॉटल बॉडीचा व्यास जुन्या कार्बोरेटरच्या जवळपासचा घ्या, माझा कार्ब २९ मिमीचा होता. फार मोठा घेतला तर ट्रॅफिकमध्ये गाडी झटके देते.

इंजेक्टरचा हिशोब एकदा कागदावर करा, अवघड नाही. ३४६ सीसी म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला तर साधारण ०.४१५ ग्रॅम हवा, १४.७ नं भागलं तर २८ मिलिग्रॅम पेट्रोल. इंजेक्टर मिनिटाला १५० सीसी देणारा असला तर तेवढं सोडायला १५ मिलिसेकंद लागतात. ५५०० आरपीएमला फोर स्ट्रोकची एक सायकल २१.८ मिलिसेकंदांची. सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरा आणि फुल थ्रॉटलला थोडं रिच करा, म्हणजे पेट्रोल जास्त द्या, तरी इंजेक्टर सायकलच्या सत्तर टक्क्यांच्या आतच उघडा राहतो. ८० च्या वर जायचं नाही, म्हणून १३० सीसीवाला घेतला तर अगदी काठावर येतो आणि इथेनॉलमुळं पेट्रोल आणखी लागतंय, तेव्हा १५० च घ्या.

ईसीयूला क्रँक कुठं आहे ते कळायला पाहिजे. कार्बवाल्या गाडीच्या मॅग्नेटवर बहुतेक एकच उंचवटा असतो, त्यावर भागवणारे आहेत, पण सिंगल सिलिंडर एका फेरीतच हळू-जोरात होत असतो म्हणून दातांचं चाक बरं. इंजेक्शनवाल्या गाडीचा मॅग्नेट बसला तर उत्तम, नाहीतर १२ पैकी एक दात काढलेलं चाक उद्यमबागेत एखाद्या लेथवाल्याकडनं करून घ्या, इथं फाउंड्री आणि मशीन शॉप एवढे आहेत की दुसऱ्या गावच्यांना हेवा वाटावा. फक्त चाक मध्यावर फिरतंय का ते डायल गेजनं बघून घ्या, सेन्सरचं अंतर साधारण १ मिमी. त्याची वायर शील्डवाली आणि स्पार्क कॉइलपासनं लांब. इग्निशन सुरुवातीला जुनंच राहू दे, एका वेळी एकच गोष्ट बदला.

ओटू, म्हणजे त्याच ऑक्सिजनच्या, सेन्सरसाठी बेंड पाइपवर १८ मिमीचा बंग (सेन्सर आवळायचा आट्यांचा नट) वेल्ड करायचा, वरच्या बाजूला, म्हणजे पाणी साचत नाही. वाइडबँड सेन्सर बसवला आणि त्याला करंट न देता गाडी चालवली तर तो खराब होतो, हे लक्षात ठेवा.

वायरिंगला पंपासाठी वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज. चावी दिल्यावर पंप दोन-तीन सेकंद फिरून थांबला पाहिजे आणि इंजिन बंद पडलं की लगेच बंद झाला पाहिजे. गाडी पडली की करंट तोडणारा सेन्सर पण लावाच. अर्थ एकाच ठिकाणी. खानापूरकडच्या पावसात साधे कनेक्टर टिकत नाहीत, रबर सीलवालेच घ्या, आणि ईसीयू सीटखाली तोंड खाली करून बसवा.

ईसीयू मी स्पीडुइनो घेतला, ओपन सोर्स आहे, लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ चालतंय. मायक्रोस्क्वर्ट पण आहे, महाग पण तयार डब्यात मिळतो. सिंगल सिलिंडरमध्ये मॅप सेन्सरचं (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, वरचा टेबलाचा मॅप वेगळा) रीडिंग उड्या मारतं, म्हणून सुरुवातीला थ्रॉटल आणि आरपीएमवरच टेबल करा. आकडे रिचकडूनच सुरू करा. वाइडबँडवर लॅम्डा बघा (१ म्हणजे मिश्रण बरोबर, त्याखाली रिच), हवा-पेट्रोलचा आकडा नको, इथेनॉलमुळं तो फसवतो. आयडलला ०.९, निवांत चालताना ०.९५ ते १, फुल थ्रॉटलला ०.८५ च्या आसपास. मित्राला मागं लॅपटॉप घेऊन बसवून हायवेवर फिरू नका, लॉग रेकॉर्ड करा आणि घरी येऊन बघा. हवेच्या दाबासाठी वेगळा सेन्सर ठेवला तर घाटाचा फरक ईसीयू स्वतःच सांभाळतो.

कागदपत्रांचं पण बघा की. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेर बदल चालत नाही, म्हणून रोडवर न्यायच्या आधी केए-२२ असो की एमएच-०९, आपापल्या आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना पण कळवा.

कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, जुना पेट्रोल कॉक पुसून एका डब्यात ठेवा, विकू नका. पहिले पाचशे किलोमीटर गावाच्या आसपासच फिरवा, डिकीत एक रिले आणि चार फ्यूज असू देत, आणि दर रविवारी होजचे क्लॅम्प हातानं चाचपून बघा, कुठं पेट्रोलचा वास आला तर तिथंच गाडी बंद करा.