थंडीने करपलेली वेल उपटण्याआधी

निफाड पट्ट्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरला की दारच्या कृष्णकमळाची पानं उकळतं पाणी ओतल्यासारखी काळपट होऊन लोंबतात. बघून जीव तुटतो आणि हात कात्रीकडे जातो. तो आवरा. करपलेली पानं-फांद्या खालच्या जिवंत डोळ्यांवर, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या कोंबांवर, पांघरूण घालून असतात. जानेवारीत छाटणी केली तर कोवळी फूट येते आणि पुढच्या थंडीच्या लाटेत तीच आधी जाते. युरियाही आत्ता नको, कारण त्यानेही लुसलुशीत फूट येते.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल ती रात्र जास्त धोक्याची. त्या संध्याकाळी बुंध्याशी विहिरीचं पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब रात्री सोडते. पण पानगळ झालेल्या वेलीला रोज पाणी घालू नका, मुळं कुजतात. पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. वेलीवर गोणपाट किंवा जुनी साडी टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिकचा कागद पानांना टेकला तर तिथे पानं करपतात.

वेल जिवंत आहे का, हे नख सांगतं. शेंड्याकडून खाली येत वीत-वीत अंतरावर साल हलकी खरवडा. आत हिरवट ओल दिसली तर जीव आहे, तपकिरी कोरडं लागलं तर तेवढा भाग गेला. माझ्या कृष्णकमळाला मांडवभर तपकिरीच लागलं होतं. हिरवं सापडलं ते जमिनीपासून हातभर उंचीवर, आणि मार्चमध्ये फूटही तिथूनच निघाली. शेजाऱ्यांनी मात्र जुई मेली म्हणून उपटली, तर मुळं पांढरी, टणक, म्हणजे जिवंत निघाली. फार हळहळ वाटली.

छाटणी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, रात्रीचा गारठा ओसरल्यावर करा. जिवंत डोळ्याच्या जरा वर तिरपा काप घ्या. जाड कापाला बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. नवी फूट बोटभर झाली की कुजलेलं शेणखत द्या.

बोगनवेल, मधुमालती नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे यंदा बहर उशिरा येईल. तोंडलीची वेल वरून वाळली तरी जमिनीतल्या गड्ड्यातून पुन्हा फुटते. एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठेच डोळा फुगला नाही, तर मगच बुंध्याशी उकरून मुळं बघा.