ग्लांझा, हायरायडर, टेरानो : दोन नावांची गाडी सांभाळताना या चुका टाळा

म्हापशातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात हा संवाद नेहमीचा. "ग्लांझाचे पुढचे ब्रेक पॅड आहेत?" "ग्लांझाचे नाहीत ओ, बलेनोचे आहेत." गिऱ्हाईक तोंड पाडून निघून जातं आणि ज्या डब्याने त्याचं काम झालं असतं तो शेल्फवर तसाच राहतो. दाबोळी विमानतळावर उतरून भाड्याची बलेनो बुक केलेला पर्यटकही काळ्या पाटीची ग्लांझा समोर आली की फसवल्यासारखा भांडायला उठतो!

खरं तर गाडी एकच, फक्त दोन कंपन्या ती दोन नावांनी विकतात. टोयोटाची ग्लांझा २०१९ साली आली. ती मुळात मारुतीची बलेनो, सुझुकीच्या गुजरातमधल्या हंसलपूर कारखान्यातली. रुमियन म्हणजे अर्टिगा, टायझर म्हणजे फ्रॉन्क्स. माल उलट्या दिशेनेही जातो : मारुतीच्या नेक्सा शोरूममधली इन्व्हिक्टो ही बंगळुरूजवळच्या बिडदीत टोयोटाने बनवलेली इनोव्हा हायक्रॉस आहे. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की लोखंड, म्हणजे यंत्र आणि पार्ट, बनवणाऱ्याचं आणि कागद, म्हणजे वॉरंटी आणि रेकॉर्ड, विकणाऱ्याचे. यांची अदलाबदल केली की घोळ सुरू.

आधी कागदाचं बघू. वाळपई किंवा काणकोणकडच्या माणसाला वाटतं, गाडी बलेनोच तर आहे, मग जवळच्या मारुतीवाल्याकडेच सर्व्हिसिंग करून टाकू. वॉरंटी संपेपर्यंत हे करू नका. वॉरंटी बॅजवाल्याची, म्हणजे जिचा लोगो गाडीवर आहे त्या कंपनीची असते, आणि उद्या क्लेम करायची वेळ आली की टोयोटावाले सर्व्हिस रेकॉर्डच मागणार. जुनी गाडी घेतानाही हा फरक पैशात मोजता येतो. ग्लांझाला सुरुवातीपासून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर वॉरंटी होती, बलेनोला मात्र बरीच वर्षं २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरच. मारुतीने ती ३ वर्षांवर नेली जुलै २०२४ मध्ये.

रिकॉलच्या बाबतीत तर लोक हमखास गाफील राहतात. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरसाठी मारुतीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यांत बलेनो आणि ग्रँड विटारा होत्या. त्याच दोषासाठी टोयोटाने ग्लांझा आणि ग्रँड विटाराची जुळी हायरायडर मिळून १,३९० गाड्या बोलावल्या. म्हणजे जुळ्या गाडीच्या रिकॉलची बातमी वाचली, की "ती मारुतीची भानगड" म्हणून पान उलटू नका. चासी नंबर मात्र आपल्याच ब्रँडच्या वेबसाइटवर टाकून बघायचा. शेजाऱ्याच्या कंपनीच्या यादीत तुमची गाडी सापडणार नाही.

आता लोखंड. सर्वांत मोठा गैरसमज हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्याबद्दल आहे. "टोयोटाचं इंजिन पाहिजे म्हणून हायरायडर घेतली," असं अभिमानाने सांगणारे भेटतात. माइल्ड हायब्रिड (इंजिनाला मोटरचा थोडाच हातभार) घेतली असेल तर बॉनेटखाली सुझुकीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, आणि स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ नुसत्या मोटरवरही चालणारी) ग्रँड विटारा घेणाऱ्या मारुतीवाल्याकडे टोयोटाचं तीन सिलिंडरचं. दोन्ही गाड्या बिडदीतच तयार होतात. त्यामुळे ऑइल आणि कूलंट बॅज बघून ओतू नका, त्या इंजिनाचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा. बाहेरच्या गॅरेजमध्ये ग्लांझाला स्कॅनर लावला आणि टोयोटा निवडून काहीच दिसेना, तर लगेच ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला म्हणू नका. मेकॅनिकला मारुती सुझुकी निवडून बघायला सांगा.

सगळेच पार्ट सारखे, हाही भ्रम नको. २०१९ च्या ग्लांझात ग्रिल आणि लोगो सोडले तर फारसं वेगळं नव्हतं, पण २०२२ च्या ग्लांझाचा पुढचा बंपर बलेनोला बसत नाही. फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश अशा वस्तूंसाठी जुळ्या गाडीचं नाव बेलाशक घ्या, फक्त मॉडेलचं वर्ष आणि जुना पार्ट बरोबर न्या. बाहेरून दिसणारं काही बदलायचं असेल तर आपल्याच ब्रँडकडे जा.

जुन्या डिझेल गाड्यांत हे सगळं जास्त कामाला येतं. रेनॉची डस्टर आणि निसानची टेरानो, पल्स आणि मायक्रा, स्काला आणि सनी, सगळ्या चेन्नईजवळच्या ओरगडमच्या. डिझेलमध्ये सगळ्यांत रेनॉचं तेच १.५ लिटरचं इंजिन. महिंद्राची व्हेरिटो ही तर मूळची रेनॉ लोगान, तिच्या डिझेलमध्येही तेच. "निसानचे पार्ट कोण देणार" म्हणून टेरानोचा भाव पडतो. मला विचाराल तर घेणाऱ्याने ही भीती मनात ठेवू नये, भाव करताना मात्र जरूर बोलून दाखवावी. इंजिनाच्या कामाला डस्टरचा पार्ट चालतो. अडचण पुढच्या-मागच्या पत्र्याची आणि दिव्यांची, कारण टेरानोचे ते वेगळे. म्हणून ठोकलेली टेरानो स्वस्तातही नको. गाडी रॅम्पवर चढवून खालचा गंजही बघून घ्या, खारं वारं बॅज विचारत नाही.

या डिझेल इंजिनात चेन नाही, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि गाडीच्या किमतीच्या मानाने खर्च अंगावर येतो. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. "आत्ताच बदललाय" हे तोंडी उत्तर मिळालं तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप यांचा खर्च वजा करूनच आकडा सांगा.