हंगामाच्या सणाचं दान: धान्याच्या मुठीपासून लिलावाच्या हिशोबापर्यंत

खेड्यातल्या लहान ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या समुदायात, रविवारच्या दानाच्या थैलीत नोटा थोड्याच पडतात, कारण घरात रोख पैसा नसतो, धान्य असतं. अहिल्यानगर जिल्ह्यात बाजरी घरात आली की हंगामाचा सण ठरतो. लोक धान्य, भोपळा, अंडी, कोंबडी वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. पाळकांचा (धर्मगुरूंचा) पगार, मंदिराची म्हणजे चर्चच्या इमारतीची डागडुजी, वर्षभराची मदत यांतलं बरंच काही या एका दिवसावर उभं असतं. म्हणून त्याची तयारी आदल्या शनिवारी सुरू करून भागत नाही. खाली सांगितलंय ते चाळीसेक घरांच्या मंडळीला धरून आहे.

सुरुवात महिनाभर आधी, महिला मंडळापासून करा. प्रत्येक घरी एक कापडी पिशवी द्या आणि रोज स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य तिच्यात टाकायला सांगा. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत बायका प्रत्येक जेवणाच्या तांदळातून अशीच मूठ बाजूला काढतात, आणि त्यावर तिथली कितीतरी मोठी कामं उभी राहिली आहेत. एक मूठ साधारण ४०–४५ ग्रॅमची धरली तर महिन्याला एका घराचं सव्वा किलोच्या आसपास होतं आणि चाळीस घरांचं पन्नास किलोचं पोतं भरतं. ज्या घरात पोतंभर देणं जमत नाही त्या घरालाही ही मूठ जड जात नाही, हे तिचं खरं मोल आहे.

पिशवी महिनाभर घरीच ठेवू नका. दर रविवारी गोळा करून चाळा आणि ऊन दाखवा. नव्या धान्यात ओल राहिली तर पोतं आतून गरम होतं, कुबट वास येतो आणि मग जाळी धरते. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून पाहा: कट् आवाज करून फुटला तर वाळलाय, दबला तर अजून दोन दिवस उन्हात घाला. बाजरी, ज्वारी, गहू, तांदूळ वेगवेगळे ठेवा. एकत्र झालेल्या धान्याला लिलावात कोणी बोली लावत नाही, ते कोंबड्यांनाच घालावं लागतं.

सणाच्या सकाळी दाराशी एक टेबल लावा. आलेल्या प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी बांधा आणि वहीत नंबर, वस्तू, वजन किंवा नग एवढंच लिहा. चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव घालू नका. नाव दिसलं की लोक भोपळ्याचा आकार आणि घराची ऐपत जोडून पाहतात, आणि पुढच्या वर्षी मूठभर शेंगा आणणारी म्हातारी घरीच बसते. बायबलमधल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, प्रवचन करणाऱ्या मंडळीत असं होऊ नये.

वेदीजवळ ऊस, केळीचे खांब, कणसं, झेंडू छान दिसतात, पण कडबा मेणबत्त्यांपासून लांब ठेवा आणि मधली वाट मोकळी राहू द्या. अंडी धान्याच्या टोपलीत रुतवून ठेवली तर फुटत नाहीत. कोंबड्या आत आणू नका. बाहेर सावलीत डालग्याखाली ठेवा, शेजारी पाणी ठेवा, आत फक्त त्यांच्या नंबराची चिठ्ठी अर्पण करा. दानं घेऊन येणाऱ्यांची रांग पंधरा-वीस मिनिटं चालते, तेवढा वेळ संथ गीत पुरत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मराठी मंडळीत रुजवलेलं भजन इथे खरं कामी येतं. टाळ-मृदंगावर रांग पुढे सरकत राहते आणि लेकरंही कंटाळत नाहीत.

लिलावाआधी एक काम उरकून घ्या. आलेल्या धान्यातला ठरावीक हिस्सा, निदान दहावा भाग, लिलावात न आणता अडचणीतल्या घरांसाठी काढा. शेतात विसरलेली पेंढी उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावी, ही बायबलमधली आज्ञा पाळायची याहून सोपी वाट नाही. पाच-पाच किलोच्या एकसारख्या पिशव्या भरा. संध्याकाळी दोघांनी जाऊन त्या पोचवाव्यात आणि नावं मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या बाहेर जाऊ नयेत.

लिलाव उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादानंतर, मंदिराबाहेर मांडवात. बोली पुकारायला आवाजाचा आणि गावाची नाती ओळखणारा माणूस हवा, आणि त्याच्याशेजारी फक्त लिहिणारा दुसरा. पुकारणाऱ्यानेच वही धरली की दहाव्या वस्तूपासून गोंधळ होतो. लिंबं, कोथिंबिरीची जुडी, रविवार शाळेच्या मुलांनी आणलेले पेरू यांनी सुरुवात करा, बोली पाच रुपयांपासून लावा. मग लगेच कोंबड्या काढा, उन्हात त्यांना ताटकळत ठेवू नका. पोती शेवटी. शंभरापर्यंत दहा-दहाने आणि पुढे पन्नासाने बोली वाढवा. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झालं की नंबर, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचून वहीत लिहा.

घेतलेली वस्तू लोक आनंदाने परत अर्पण करतात आणि ती पुन्हा लिलावात येते. एकच भोपळा चार वेळा विकला गेला तर वहीत चार ओळी झाल्या पाहिजेत, २३, २३ अ, २३ ब, २३ क. जुनी रक्कम खोडून नवी लिहिली की आधीच्या तिघांचे पैसे हिशोबातून गळतात. संध्याकाळी जमा आणि वही जुळत नाही तेव्हा चूक बहुतेक इथेच सापडते. कोणाचं नाव घेऊन ‘तुम्ही वाढवा’ असं मात्र पुकारू नये. भिडेपोटी लावलेली बोलीच पुढे उधारी होते.

पैसे त्याच दिवशी, लोक असतानाच, उघड्यावर मोजा. मोजणारे दोघं, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. खजिनदाराने फक्त पाहायचं. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, चिल्लर किती अशी चिठ्ठी शाईने लिहा, तिघांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम बँकेत भरा. मांडववाल्याचे पैसे त्यातून परस्पर देऊ नका. जमा पूर्ण दिसू द्या, खर्च वेगळा दाखवा. क्यूआर कोड मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या मोबाईलवर आलेले दोनशे रुपयेही पुढे संशयाला जागा करतात, माणूस कितीही सचोटीचा असो.

परदेशी राहणारे भाऊबंद सणाला पैसे पाठवतात तेव्हा त्यांचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेलं दान चालतं. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्याचं दान, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं आणि रक्कम रुपयांत दिली तरी, परदेशी देणग्यांवरच्या एफसीआरए कायद्यात परकीय देणगी ठरतं. त्यासाठी नोंदणी आणि वेगळं खातं लागतं. नोंदणी नसेल तर प्रेमाने नाही म्हणा.

पुढच्या रविवारी फळ्यावर एकूण जमा, खर्च, शिल्लक आणि ती कशासाठी ठेवली एवढं लिहा. दात्यांची यादी रकमेच्या क्रमाने लावू नका. उधारीची यादी खजिनदाराकडेच राहील. महिनाभराने त्याने घरी जाऊन, बसून विचारावं. कोणाला खरंच झेपत नसेल तर पंच कमिटीने ठरावाच्या वहीत ‘माफ’ लिहून सही करावी आणि तो विषय मंदिरात पुन्हा काढू नये.