हरकत अशी लिहा, की सारांशात पाणी घालता येणार नाही

स्थानिक कारभारात लोकांच्या हरकती-सूचना नोंदवून घेण्याच्या टेबलावर माझी बरीचशी नोकरी गेली. म्हणून आतली गोष्ट आधीच सांगते: तुमचं दोन पानी पत्र सभेत कुणी वाचत नाही. सदस्यांपुढे जातो तो तक्ता. अनुक्रमांक, नाव, हरकतीचा सारांश, कार्यालयाचा अभिप्राय. सारांशाचा रकाना जेमतेम चार बोटं रुंद असतो आणि त्यात काय मावेल ते माझ्यासारखी एखादी लिपिक ठरवते, तेही बहुधा घरी निघायच्या घाईत.

तेव्हा तो सारांश तुम्हीच लिहून द्या, पत्राच्या विषयाच्या ओळीत. ‘वाहनतळाबाबत तक्रार’ असा विषय आला की मी रकान्यात ‘वाहनतळाबाबत नाराजी’ लिहायचे, साहेब पुढे ‘नोंद घेतली’ लिहायचे, विषय मिटला. पण ‘शाळेच्या फाटकासमोरचा नियोजित वाहनतळ मागच्या मोकळ्या जागेत हलवावा’ असं आलं, तर ‘नोंद घेतली’ शोभत नाही. हलवता येतो की नाही, आणि नसेल तर का, हे लिहावं लागतं. मागणी एकच ठेवा. तीन केल्यात तर त्यातली सगळ्यात स्वस्त मान्य होते आणि उरलेल्या दोन ‘अंशतः मान्य’ या शेऱ्यात गडप होतात.

खाली कारण द्या, पण डोळ्यांनी पाहिलेलं. ‘मुलांना धोका आहे’ यावर कुणीही मान डोलावतं. ‘शाळा सुटते त्याच वेळी गाड्या मागे घेतल्या जातात आणि चालकाला फाटक दिसत नाही’ हे खोडायचं तर कुणालातरी जागेवर जाऊन बघावं लागतं.

सह्यांच्या मोहिमेवर माझा फारसा विश्वास नाही. निवडून आलेल्यांना सह्या दिसतात, हे खरं. पण तक्त्यात एकाच मजकुराच्या शंभर प्रतींची ओळ एकच होते: ‘इतर 99, वरीलप्रमाणे’. त्यापेक्षा पाच शेजाऱ्यांनी आपापली अडचण आपापल्या शब्दांत लिहावी. पाच ओळी, पाच अभिप्राय. आणि योजना ज्यांना हवी आहे त्यांच्याशी आधी बोलून घ्या, नाहीतर ‘रहिवाशांत एकमत नाही’ हे आयतं कारण कार्यालयाला मिळतं.

मुदतीनंतर आलेलं पत्र फायलीला लागतं, तक्त्याला नाही. खरं तर मुदत म्हणजेही उशीरच, कारण तोवर आराखडा तयार झालेला असतो. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात 1989 पासून वस्त्यावस्त्यांत सभा घेऊन अर्थसंकल्प ठरण्याआधीच कामांचा क्रम लोकांना विचारला जाऊ लागला. आपल्याकडे कुणी विचारत नसेल तर अर्थसंकल्पाची तयारी सुरू व्हायच्या आधी आपणच पत्र द्यावं. तेव्हा नकार द्यायला कुणाला फार कारण नसतं.

पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. सुनावणीत भाषण नको. विषयाची ओळ वाचा, कारण सांगा, बसा.

नंतर इतिवृत्ताची, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या लेखी नोंदीची, प्रत मागून आपली ओळ तपासा. ते पुढच्या सभेत मंजूर होऊन कायम होतं. सारांश चुकला असेल तर दुरुस्तीचं पत्र त्याआधी पोचायला हवं. एकदा कायम झालं की तुम्ही काय म्हणाला होतात ते कागदावर दुसऱ्याच्याच शब्दांत राहतं.